भीतीचं माप घेणारा तांडेल

हरेश्वर तांडेलला काहीही सांगायला गेलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "किती?"

कँटीनमध्ये कुणी म्हणालं, आमटी खारट झालीय, की हा मान वर न करता विचारणार, "किती?" आज फार उकडतंय. "किती?" माझ्या सासऱ्यांचे गुडघे दुखतात. "किती?" आणि तो हे थट्टेत विचारायचा असंही नाही. उत्तराची वाट बघत घास हातात धरून बसायचा. सासऱ्यांच्या गुडघ्यांचा आकडा मी कुठून आणणार? मी वैतागून काहीतरी ठोकून द्यायचो, मग तो समाधानाने जेवायला लागायचा.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही एकाच केमिकल कंपनीत होतो. मी खरेदी खात्यात, तो इन्स्ट्रुमेंटला. म्हणजे कारखान्यातली सगळी मापं त्याच्या ताब्यात. रिॲक्टरचं तापमान, वाफेचा दाब, टाकीतली पातळी आणि गॅस गळला तर बोंब मारणारे डिटेक्टर. पालघरला एकाच इमारतीत आमची दारं समोरासमोर होती आणि कंपनीच्या बसमध्ये बाकही एकच. त्यामुळे हा माणूस मला जेवढा भेटायचा तेवढी माझी बायकोही भेटत नसे. मी कराडकडचा, तो समुद्राकाठच्या मुरब्याचा. बापजाद्यांच्या होड्या, घरात इंजिनीअर झालेला हा पहिला. "तू घाटी, तुला काय कळणार," हे मला रोज ऐकावं लागे, मग विषय पापलेटचा असो की व्होल्टेजचा.

उंच, काटक, कानामागे केस पांढरे झालेले. शर्टाच्या खिशात टेस्टर कायम. माझ्या मेहुणीच्या लग्नात पंक्तीला बसला तेव्हाही तो खिशात होता, आणि पहिल्या वाढपाला हॉलचा पंखा हलतोय म्हणून त्याने मॅनेजरला बोलावून झापलं होतं. राग नाकावर. पण तो माणसांवर क्वचित रागवायचा. बिघडलेली वस्तू बघूनही लोक तिच्याशेजारी निवांत उभे राहतात, याचा त्याला राग यायचा.

एकदा प्लँटच्या फेरीत त्याला एका डिटेक्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली दिसली. वर सुतळीची गाठ. पाळीवरचा ऑपरेटर, बिहारकडचा, वयाने मोठा माणूस, त्याला म्हणाला, "साहब, बहुत चिल्लाता है. काम ही नहीं होता."

"चिल्लाने का ही काम है उसका!" तांडेल असा ओरडला की पंपाच्या आवाजातही मला ते वरच्या मजल्यावर ऐकू आलं. त्याने पिशवी फाडली, ती खिशात कोंबली आणि दिवसभर दिसेल त्या साहेबाच्या टेबलावर ठेवून विचारत फिरला की ही कुणी पुरवली. पिशव्या खरेदी खातं पुरवतं. त्यामुळे शेवटी ती माझ्या टेबलावर आली.

"घंटी बंद केली म्हणजे गॅस जात नाय, जाधवा," तो मला म्हणाला. जणू मीच सुतळी बांधली होती.

तर अशा माणसाच्या बायकोला ज्याचं माप नाही असं काहीतरी झालं.

पुष्पावहिनी शिरगावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. ठणठणीत आवाजाची बाई. संध्याकाळी जिन्यात मुलांना हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रंही गप्प बसायचं. एका जानेवारीत वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता त्यांचे हात गार पडले, छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना. आपण आता मरणार असं वाटून त्या खाली बसल्या. हार्ट अटॅक समजून धावपळ झाली. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. दोन दिवसांनी पुन्हा तेच, रिक्षात. मग बाजारात. मग असं होईल या भीतीनेच व्हायला लागलं आणि बाईंनी घराबाहेर पडणं सोडलं. आधी आजारपणाची रजा, मग बिनपगारी. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजर झाला नाहीत तर पुढे आमच्या हातात काही नाही, असं मुख्याध्यापकांनी आपुलकीने घरी येऊन सांगितलं. वहिनींना शाळा सोडायची नव्हती. "घरी बसले तर मी ह्यातून उठणारच नाय," असं त्यांनी माझ्या बायकोला स्वच्छ सांगितलं होतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, समुपदेशन सुरू करा म्हणाले, आणि समजावलं की ही चिंतेची व्याधी आहे, वेड नाही, बरी होते. त्यावर तांडेलने काय विचारलं असेल ते सांगायला नको.

"असा आकडा नसतो हो," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर तो माझ्यावर भडकला, कारण गाडी मी चालवत होतो. "आकडा नसतो म्हंजे? ठोके हायेत, घाम हाय, हात गार पडतात. सगळं मापता येतं. मापायचं नाय आनि गोळ्या द्यायच्या. उद्या मी असा प्लँट चालवला तर तारापूर राहील का जागेवर?" मागच्या सीटवर वहिनी खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. त्यांना कसं वाटतंय हे त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मनगटावर बांधायचा पट्टा करायचं त्याने त्याच आठवड्यात ठरवलं. कल्पना साधी होती. झटका येण्याआधी शरीर चुळबुळायला लागतं. नाडी वाढते. कातडीवर घामाचा बारीक ओलावा येतो, आणि ओल्या कातडीतून वीज जरा सहज जाते. हे सगळं पट्ट्याने टिपायचं आणि हद्द ओलांडली की तांडेलच्या मोबाइलवर लाल दिवा आणि घंटी. पुष्पाला झटका येण्याआधी आपल्याला कळेल, मग आपण काहीतरी करू. ते काहीतरी म्हणजे काय, हे मी एकदा विचारलं. "आधी कळू तर दे," एवढंच उत्तर मिळालं.

सुटे भाग मी माझ्या ओळखीच्या पुरवठादारांकडून मागवून दिले. त्याच्या जेवणाच्या टेबलावर वायरींचा पसारा पडला आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागली. पहिला पट्टा उन्हाळ्यात तयार झाला आणि पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना घाबरट ठरवलं. वॉचमन घाबरलेला, मी घाबरलेलो, खुर्चीत डुलक्या घेणारे आमचे स्टोअरकीपर तर भयाने गळाठलेले. पालघरच्या मे महिन्यात कोरडं मनगट आणायचं कुठून? तांडेलने एसीच्या खोलीत चाचण्या घेतल्या, हद्द वाढवली, मग ती इतकी वाढली की पट्टा कुणालाच काही म्हणेना. पुन्हा कमी केली. महिने असे गेले. त्याची चिडचिड इतकी वाढली की बसमधली माणसं आमच्या पुढचा बाक रिकामा ठेवायला लागली.

गणपती उरकल्यावर त्याला वाटलं, आता जमलं. मोकळ्या हवेत, कामातल्या माणसांवर बघायचं म्हणून रविवारी तो मला मुरब्याला घेऊन गेला. त्याच्या काकीच्या अंगणात आठ-दहा बायका मासे खारवायला बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत मिठात, गप्पा रंगलेल्या, मध्येच कुणाच्या तरी सुनेवरून हास्याचा असा स्फोट व्हायचा की कावळे उडत होते. त्याने काकीला पट्टा बांधला. लाल. शेजारणीला बांधला. लाल. तिसरीला, चौथीला, सगळ्या लाल. मोबाइल नुसता कोकलत होता.

"काय सांगतं रे तुजं यंत्र?" काकीने विचारलं.

"तू घाबरलीस सांगतं."

"मी?" काकीने मिठाचा हात कमरेवर ठेवला. "मी तुज्या काकाला नाय घाबरले कदी, नि ह्या बोंबिलांना घाबरू?"

बायका हसून हसून लोळल्या. तांडेलचा चेहरा पाहवेना. तो पट्टा हातात घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. मग एकदम थांबला आणि त्याने पट्ट्याची आतली बाजू जिभेला लावली.

"मीठ," तो म्हणाला, आणि पुढे स्वतःला अशी शिवी घातली की काकीनेही कान झाकले. मिठाचं पाणी म्हटलं की वीज सुसाट जाणार, हे त्याला शाळेपासून ठाऊक. जन्म त्या अंगणातला. आणि नेमकं तेच त्याच्या डोक्यातून गेलं होतं. घरी येताना तो पट्टा शर्टाला पुसत राहिला. मला मात्र राहून राहून हसू येत होतं आणि ते दाबताना माझ्या पोटात दुखत होतं.

मग त्याने जगाचा नाद सोडला आणि पट्टा एकट्या पुष्पावहिनींच्या मापाचा केला. घामावरचा भरवसा कमी केला, नाडीवरचा वाढवला. चालताना, जिना चढताना काय होतं ते वेगळं टिपलं. हे बऱ्यापैकी जमलं, हे मला कबूल केलं पाहिजे. वहिनींना झटका येण्याच्या थोडं आधी त्याचा फोन खरंच वाजायचा. फक्त दूध उतू गेलं तरी वाजायचा, मुलगा जिन्यात पडला तरी वाजायचा, आणि मालिकेतली सासू खोटं बोलली तरी वाजायचा. वाजला की हा प्लँटमधून घरी फोन लावणार. "काय झालं? श्वास घे. हळू घे. बसलीस का?"

माझ्या बायकोसमोर वहिनी रडकुंडीला आल्या. "बरी बसलेली असते हो मी. फोन वाजला की वाटतं, आता मला काहीतरी होणार. आनि मग होतंच."

मी हे तांडेलला सांगितलं. नीट, शांतपणे, बसमध्ये. त्याने ऐकून घेतलं, विचार केला आणि दुसऱ्या दिवशी घरच्या फोनची रिंग बदलून बासरीची ठेवली. मी हात टेकले.

दिवाळीची सुट्टी संपली आणि वहिनी शाळेत हजर झाल्या. एकट्या गेल्या, शिरगावच्या एसटीने, मनगटावर पट्टा बांधून. त्यांनी तो बांधला तो केवळ नवऱ्याच्या समाधानासाठी. तांडेल त्या सकाळी प्लँटमध्ये असून नसल्यासारखा होता. मोबाइल छातीच्या खिशात, टेस्टरच्या शेजारी. जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी तो माझ्या टेबलापाशी आला. चेहरा पांढरा. फोन कोकलत होता, आणि या वेळी थांबतच नव्हता.

"चल," तो म्हणाला. "गाडी तू चालव. माजे हात बरोबर नायत."

वॉचमनच्या मोटारसायकलवरून तारापूर ते शिरगाव. मागून तो माझा खांदा दाबत होता आणि दर वळणाला सांगत होता, "अजून लाल. अजून लाल हाय, जाधवा." वाटेत पालघरच्या फाटकाला अडकलो तेव्हा तो खाली उतरून पायी धावायला निघाला होता. मला त्याचा संताप येत होता, पण मलाही तोवर खात्री पटली होती की शाळेत काहीतरी भयंकर चाललंय.

शाळेच्या व्हरांड्यात पोचलो तर वर्गातून वहिनींचा आवाज येत होता. खिडकीतून पाहिलं. एक मुलगा अंगठे धरून उभा होता, दुसरा रडत होता, आणि वहिनी टेबलावर पट्टी आपटत विचारत होत्या की समीक्षाचा डबा विहिरीत कुणी टाकला. गाल लालभडक, पदर खोचलेला.

"बाई, तुमचा नवरा आला!" खिडकीजवळची मुलगी ओरडली आणि सगळा वर्ग आमच्याकडे वळला.

वहिनी बाहेर आल्या. तांडेल पुढे झाला. "घाबरू नको. मी आलोय. श्वास घे."

"मी घाबरले नाय," वहिनी म्हणाल्या.

"रीडिंग बघ ना. सकाळपासनं एवढं कदीच..."

"मी चिडलेय! राग आलाय मला. त्या कार्ट्यांनी पोरीचा डबा विहिरीत टाकला, उपाशी बसलीय ती. कळतो का तुमाला फरक? राग नि भीती, कळतो का?"

"ठोके तेवढेच हायेत, पुष्पा. सगळं सेम..."

"वरीस झालं हो." त्यांचा आवाज खाली आला. "वरीसभर मला नुसती भीती वाटत होती. दुसरं कायच वाटत नव्हतं. आज मला राग आला. एवढा आला की घाबरायचं राहूनच गेलं. नि तुमी तारापूरवरनं धावत आलात, मला सांगायला की मी घाबरलेय."

त्यांनी पट्टा सोडला आणि त्याच्या हातात ठेवला. "मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मला तिथून कुठेतरी नाहीसं होता आलं असतं तर बरं झालं असतं.

एवढ्यावर तांडेल शहाणा झाला म्हणावं तर नाही. पुढचा महिनाभर तो राग आणि भीती वेगळी काढायच्या मागे लागला, आणि प्रयोगाला मी. पट्टा माझ्या मनगटावर. पाठीमागून येऊन तो कागदी पिशवी फोडायचा, मी खुर्चीतून उडायचो, तो आकडे उतरवायचा. मग समोर बसून कराडला नावं ठेवायचा, माझ्या हिशेबाला ठेवायचा, शेवटी माझ्या आईच्या हातच्या झुणक्याला ठेवली तेव्हा मी खरोखर चिडून उठलो. तो मान डोलवत आकडे बघत होता. दोन्ही रेषा हुबेहूब सारख्या.

"कोणी केलीय ही वायरिंग?" तो माझ्यावरच ओरडला. "राग एका वायरीवर नि भीती त्याच वायरीवर? एवढा मोठा माणूस बनवला नि एक वायर जास्तीची टाकायला जड झाली? माज्याकडे कोणी असं काम केलं तर मी त्याला गेटाबाहेर काढेन!"

पट्टा टेबलाच्या खणात गेला. जेवणाचं टेबल पुन्हा जेवणाचं झालं. समुपदेशनाला वहिनी आता एकट्या जायच्या, गोळ्या चालू होत्या. बऱ्या झाल्या असं मात्र कुणी समजू नये. आठवडा चांगला जायचा आणि मग एखाद्या दिवशी त्या वर्गातून उठून कार्यालयात जाऊन बसायच्या, तासभर हातपाय थरथरत. शाळा सुटायची नाही एवढाच त्यांचा हट्ट होता. आणि त्यांची एक अट होती. पट्टा नाही, फोन नाही, आणि नवऱ्याने शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. तांडेलने मान्य केली. दिवसभर काही न कळता बसणं म्हणजे त्या माणसाला काय असेल, ते मी बसमध्ये रोज बघत होतो. घड्याळ बघायचा, खिशातला फोन बघायचा, आणि त्यावर काही नाही हे पाहून आणखी घाबराघुबरा व्हायचा.

पुढे माझे वडील आजारी पडले आणि मी नोकरी सोडून कराडला परतायचं ठरवलं. निघायच्या आधीच्या दिवशी तांडेलकडे गेलो तर कुलूप. कंपनीत विचारलं, रजेवर. आदल्या दिवशी वहिनींना वर्गातच जोराचा झटका आला होता, मुलांसमोर, हे मला माझ्या बायकोने सांगितलं. आणि आज त्या पुन्हा शाळेत गेल्या होत्या. मग तो कुठे असेल ते मला कळलं.

शिरगावच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडाखाली तो बसला होता. शाळा तिथून दिसते, पण शाळेतून तो दिसत नाही, अशी जागा त्याने शोधली होती. सकाळपासून बसला असावा, शर्टाच्या पाठीवर सुरूच्या काड्या चिकटल्या होत्या. मला बघून त्याला नवल वाटलं नाही.

"आवारात नाय हाय मी," तो म्हणाला.

मी शेजारी बसलो. निरोप घ्यायला आलोय म्हणालो. त्याने मान हलवली, पण लक्ष शाळेकडे.  मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "जाधवा, तुला अट नाय ना?"

मी उठलो. वाळू तुडवत शाळेच्या कुंपणाच्या कडेने, सहज चाललोय असं दाखवत वर्गाच्या मागून गेलो आणि तसाच परत आलो. तो उठून उभा राहिला होता.

"ओरडतायत," मी म्हणालो. "अख्खा वर्ग उभा केलाय. पाढे पाठ नाहीत म्हणून."

"ओरडतेय?"

"चांगल्याच."

"आवाज कापत नाय ना?"

"मुलांचे पाय कापत असतील."

तो हळूच खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि बराच वेळ तोंडावरून हात काढले नाहीत. मी निघालो तेव्हा त्याने नुसता हात वर केला. वळणावर पोचल्यावर मी मागे पाहिलं. वारा समुद्राकडून शाळेकडे वाहत होता, म्हणजे त्याला तिथून लाटांशिवाय काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी तो डोळे मिटून, शाळेकडे कान देऊन बसला होता.